ताईंचा ढग

ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणत, अगदी विभागप्रमुखसुद्धा. काम म्हणाल तर जगावेगळं. दूरच्या एका दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर दबा धरून बसलेलं, त्याच्याभोवती वायूचे ढग गरगरतात आणि त्यांची खबर लागते ती अतिनील प्रकाशातून. तो प्रकाश आपली हवा खाली येऊच देत नाही, म्हणून दुर्बीण वर अंतराळात. ताई खाली, खिडकीपाशी, कॉम्प्युटरसमोर.

वर्षानुवर्षं त्या या एकाच दीर्घिकेच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. तिच्या प्रकाशाच्या आलेखात एका जागी खळगा पडला होता आणि दर खेपेला तो आणखी खोल होत होता. म्हणजे एखादा ढग हळूहळू आड येतोय आणि प्रकाश अडवतोय. हा ढग ताईंचा, त्यांनी शोधलेला. पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा आणि मग निवृत्ती. घरी बाबांनी तर ताळच सोडला होता. नव्वदीकडे झुकलेला माणूस, पण दाढी करायला न्हाव्याकडे बसला की सुरू, "आमच्या मुलीचा ढग आहे ना..." न्हावी बिचारा वस्तरा थांबवून ऐकायचा.

आणि नेमका तेव्हाच ताईंच्या डोक्यात किडा वळवळला. मोजमापं एकमेकांशी ताडून बघता यावीत म्हणून त्यांनी दुर्बिणीतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर दीर्घिकेचा प्रकाश दर वेळी त्याच जागी पाडला होता. काटेकोर बाई ना. पण एकाच जागी टेकून टेकून चपलेची टाच झिजते, तशी ती पट्टी तेवढ्याच जागी झिजली असली तर? झीजही दर खेपेला वाढणारच की.

तपासणी सोपी होती. प्रकाश पट्टीवर जरा सरकवून पाडायचा. खळगा त्याच्याबरोबर सरकला, तर ढग खरा. जागचा हलला नाही, तर पट्टीच झिजलेली, ढगबिग काही नाही.

"कशाला उकरून काढताय?" विभागप्रमुख म्हणाले. मनाने वाईट नव्हते ते. "सगळ्यांनी तपासलंय. सुखाने निवृत्त व्हा."

खरं सांगायचं तर ताईंनाही तेच हवं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची. मूग गिळून बसल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी दुर्बिणीचा वेळ मागून घेतला.

आलेख आला. खळगा तसूभरही हलला नव्हता.

ताईंनी निबंध मागे घेतला. घरी आल्या, पर्सही खाली न ठेवता बाबांसमोर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ढग नाहीच?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. नुसती यंत्राची झीज होती. आता न्हाव्याला काय सांगाल तुम्ही?"

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"हे लक्षात कुणाच्या आलं?"

"माझ्याच."

"आणखी कुणाच्या नाही?"

"नाही."

बाबांनी गालावरून हात फिरवला. दाढी कालच झाली होती.

"माझी चप्पल कुठाय बघ," ते म्हणाले. "जरा न्हाव्याकडे जाऊन येतो."