कूलरचं ओलं गवत

कूलरला नवं गवत लावून पहिलं पाणी सोडलं, की त्या ओल्या वासाबरोबर मला आमच्या आसगावच्या घरातली एक दुपार आठवते. अंड्यांवर बसलेली आमची कोंबडी मुंगसानं नेली, म्हणून तिची अंडी मी थर्माकोलच्या पेटीत, बल्बच्या उबेत ठेवली होती. बाहेर उन्हाच्या झळा, पेटीत ओलाव्यासाठी ठेवलेली पाण्याची वाटी पुरेना. एका अंड्यातून चोच बाहेर आली आणि आतला पापुद्रा वाळल्यानं पिल्लू तिथंच अडकलं. "सोलून काढू का वो?" सासऱ्यांनी विचारलं. "नाई मामाजी, रक्त येईल. आत कोरडं पडून राहिलं, वल पायजे." ज्या कूलरला ते कुणाला हात लावू देत नसत, त्याच्याच बाजूच्या जाळीतलं, ताटीतलं, ओंजळभर गवत त्यांनी उपटून दिलं. मी ते कोमट पाण्यात भिजवून झटकन आत ठेवलं आणि झाकण लावलं. झाकणाच्या काचेवर वाफ धरली, काही दिसेना; आम्ही दोघं पेटीला कान लावून बसलो. बऱ्याच वेळानं टरफल तडकलं आणि मोकळी चिवचिव ऐकू आली. "निंगालं वो बाई!" म्हणत मामाजी भिंतीला टेकले. आता दर उन्हाळ्यात ताटी भरण्याआधी मामाजी मूठभर गवत न सांगता माझ्या पेटीवर ठेवून जातात.