गोटामामाची फिल्म

गोटामामाविषयी लिहायचं मी आजवर टाळत आलो. त्याच्याबद्दल बोलायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागतं.

पिशवीत नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन फिरणारा दुसरा माणूस मी जालन्यात पाहिला नाही. दुकानांच्या काचा मजबूत करणारी पारदर्शक फिल्म चिकटवणं हा त्याचा धंदा. फिल्म लावलेली नमुन्याची काच छातीपुढे धरून तो गोटा दुकानदाराच्या हातात द्यायचा. "मारा शेठ! घरचा सगळा राग काढा." काचेला तडे जायचे, पण तुकडा पडायचा नाही. मामा पलीकडून हसायचा, "फुटली, पण सांडली का? बिलकुल न्हाई!"

जालन्याच्या मस्तगड भागातल्या माझ्या कापडदुकानाच्या दर्शनी काचेला त्याने फिल्म लावली. जाताना बजावलं, "फिल्मच्या आतलं पाणी सुकंस्तोवर महिनाभर छेडू नका. हळद लागल्यावर नवरदेवाला घराबाहेर सोडतो का आपण? बराबर तसंच."

मी दोनच दिवसांत सेलचे कागद टेपने चिकटवले. काढताना कोपऱ्यातली फिल्म सोलून आली. मामा आला, टेपचा डाग बोटाने चाचपला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "नवरदेव वेशीपर्यंत फिरून आला वाटतं!"

शेजारचे दुकानदार जमले होते. आमच्या ओळीतल्या साऱ्या काचा मामालाच मिळणार होत्या; त्या भरवशावर त्याने इथे खोलीही घेतली होती. मला चारचौघांत हसं नको होतं. म्हणालो, "मी हात लावला नाही मामा. तुमचा मालच हलका."

त्याने कोपरा नीट करून दिला आणि गेला. ओळीतलं एकही काम त्याला मिळालं नाही. खोली सोडून तो आपल्या गावी, मंठ्याला परतला.

पुढच्या पोळ्याला मिरवणुकीतला एक झुलीतला बैल दुकानासमोर थबकला. काचेत त्याला दुसरा बैल दिसला असावा. दिली धडक! काचेची जाळी झाली, पण आत बसलेल्या बायकोच्या अंगावर कण उडाला नाही. ती म्हणाली, "अहो, त्या मामांना पेढे देऊन या."

मंठ्यात मामा एका औषधाच्या दुकानात काच पुसत होता. बैलाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "काय शेठ, सांडली न्हाई ना?"

"नाही."

"मंग झालं तर!"

दुकानदार शेजारीच उभा होता. मी पेढे दिले, चहा प्यालो आणि खरं काय ते पुढच्या खेपेला सांगू म्हणून परतलो. पुढची खेप झाली नाही. आता मामाही नाही.

मामा, टेप मी लावली होती. तुमचा माल चोख होता. चुकलो.

एवढंच मंठ्याच्या त्या दुकानदारासमोर बोलायचं होतं.