नारळ फोडला, प्लॉट घेतला नाही

माझा फोटो दाखवून प्लॉट विकले जात आहेत. मी त्यातला एकही घेतलेला नाही, कुणाला घ्यायला सांगितलेलंही नाही. म्हणून हे लिहावं लागतंय.

श्रीरामपूरकडच्या बेलापूरजवळ उसाचं रान मोडून प्लॉट पाडलेत. एजंट संतोष माझा जुना विद्यार्थी. मागे सहज बघायला गेले, तर त्याने बोर्डासमोर माझ्या हातात नारळ दिला. फोडला... आणि निघाले. फोटो कधी काढला, कळलंही नाही.

परवा सुनीताचा फोन आला. तीही माझी विद्यार्थिनी, श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. "बाई, संतोषने नारळ फोडतानाचा तुमचा फोटो दाखवला. तुमच्या शेजारचाच प्लॉट घेतोय आम्ही. विसार दिलाय, उद्या खरेदीखत."

माझ्या शेजारचा? वकील कोण, विचारलं. तर म्हणे संतोषनेच दिलाय, फीसुद्धा घेतली नाही. फी न घेणारा वकील कुणाचा असतो, हे मला कुणी सांगायला नको.

खरेदी थांबव म्हणाले, पण ठोस कारण माझ्याकडे नव्हतं. तशीच ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कोर्टातली नोंद शोधली. जमीनमालकाच्या बहिणीने वाटणीचा दावा लावलाय. सातबाऱ्यावर त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे कागद स्वच्छ दिसतात. निकाल बहिणीच्या बाजूने लागला तर प्लॉट घेणारेही त्यात अडकतात. तसा लेखी अभिप्राय त्यांनी दिला, मी फी दिली.

सुनीताला फोन लावत राहिले... ड्यूटीवर, फोन बंद. सकाळी नगरहून पहिली एसटी धरली. पोचेपर्यंत सह्या झाल्या असल्या तर... वाटभर दुसरं काही सुचलं नाही.

रजिस्ट्रार कचेरीत सुनीता आणि तिचा नवरा बाकावर नंबरची वाट बघत होते. मला पाहून संतोष लगबगीने आला, वाकून पाया पडला. "बाई, तुमी आल्या, लई बरं झालं. साक्षीला एक सही कमीच पडत हुती." आणि पेन पुढे केला.

मी पेन घेतला आणि अभिप्राय सुनीताच्या हातात ठेवला. तिच्या नवऱ्याने तो वाचला, मग माझ्याकडेच संशयाने पाहिलं. आत्ता मागे फिरलो तर विसार बुडेल, आयुष्यभराची बचत आहे, म्हणाला. आणि नारळ तर तुम्हीच फोडलाय. असं विचारण्यात त्याचं तरी काय चुकलं?

संतोष हसत होता. घरातला किरकोळ वाद हाय, भाऊबहीण मिटवत्याल, आमच्या वकीलसायबांनी सांगितलंय कायबी अडचण न्हाई.

वकीलसाहेब शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "सही करते. आधी साहेबांनी एवढंच लिहून द्यावं, की या जमिनीवर दावा नाही. खाली नाव आणि तारीख."

पेन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. "तोंडी सांगितलंय की," म्हणाले, आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. मोबाईल वाजला नव्हता.

त्यांच्या पाठीकडे बघत सुनीताचा नवरा उठला. कागदांची पिशवी काखेत मारली आणि संतोषला म्हणाला, "साहेब परत येऊ द्या, मग बघू." साहेब आले नाहीत. पुकारा झाला, नंबर निघून गेला.

संतोष मला म्हणाला, "शाळेतबी तुमी तोंडी उत्तराला मार्क देत नव्हत्या." आताही देत नाही.

जमीन घेणाऱ्यांनो, वकील स्वतः निवडा, त्याची फी द्या आणि सल्ला लेखी घ्या. माझ्या फोटोवर जाऊ नका.

काल दिलं-घेतलं ते असं... मूळ अभिप्राय सुनीताकडे. त्याची झेरॉक्स आणि विसार परत मागणारा अर्ज संतोषकडे, पोच घेऊन. फोटो त्याने माझ्यासमोर मोबाईलमधून काढून टाकला, पण आणखी किती जणांकडे गेलाय, कोण जाणे.

गडबडीत त्याचा पेन माझ्या पर्समध्ये आला होता. तो मी आज परत पाठवला. विसार अजून त्याच्याकडेच आहे.