बँड पार्टीची लस-पॉलिसी आणि गुलाबमास्तर

"पॉलिसी लिहून द्या मॅडम. मराठीत असली तरी चालते, पण शिक्का तुमचा पायजे."

प्रकाशभाऊ दवाखान्यात उभ्या उभ्याच बोलत होते. कामठी रोडवर, माझ्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून, त्यांच्या बँड पार्टीचं ऑफिस आहे. वरातीत वाजवणारा, लाल कोटवाला बँड. कोरोनात लग्नं घरातल्या घरात उरकली गेली आणि बँडचे कोट खुंटीवरच राहिले. आता दुसरी लाट ओसरली होती, दिवाळी झाली होती, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा बुक होत होत्या. पण लॉनवाल्यांनी अट घातली होती. आमच्याकडे लग्नं लॉनवर, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या मंगल कार्यालयात होतात, आणि त्यांचे मॅनेजर विचारत होते, वाजवणाऱ्यांना लस झाली का? एक तरी डोस झाल्याचं सर्टिफिकेट आणि पार्टीचे लेखी नियम दाखवा, नाहीतर गेटच्या बाहेर वाजवा.

मी साधी जनरल प्रॅक्टिशनर. ताप, खोकला, शुगर, बीपी हे माझं काम. पॉलिसी कधी लिहिली नव्हती. लस सक्तीची नाही, असं सरकारचंच म्हणणं होतं, तेही मी त्यांना सांगितलं.

"सरकार नाई म्हणते, पण लॉनवाला म्हणते ना!" प्रकाशभाऊ म्हणाले.

मग मी त्यांच्या तालमीच्या खोलीत जाऊन बसले. काय चालतं ते पाहिल्याशिवाय लिहिणार काय? ट्रम्पेट, क्लॅरनेट मी आयुष्यभर रस्त्यावर ऐकले, पण जवळून पाहिले ते पहिल्यांदाच. वाजवणारे मधेच थांबून वाद्यातलं पाणी जमिनीवर झटकत होते. ते पाणी म्हणजे त्यांचाच श्वास, आत थंड होऊन साचलेला. एकाचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, दुसरा सहज पुसून लावत होता. पंखा बंद, खिडकी बंद, कारण शेजारी ओरडतात. मी कागदावर लिहीत गेले. खिडकी उघडी ठेवा. पाण्याला बादली ठेवा. माउथपीस ज्याचा त्याचा. ताप असेल तर घरी राहा. आणि शेवटी प्रकाशभाऊंची ओळ : लस घेतल्याशिवाय पार्टीत जागा नाही.

आठवड्याभरात सगळ्यांनी लस घेतली. एक जण सोडून. आणि तो एक म्हणजे गुलाबमास्तर.

बँडमध्ये मास्तर म्हणजे पुढे चालणारा मुख्य ट्रम्पेटवाला. गाणं तो उचलतो, बाकीचे मागून येतात. गुलाबराव पन्नाशीचे, सडपातळ, मिशी काळी केलेली. प्रकाशभाऊंचे वडील पार्टी चालवायचे तेव्हापासून ते तिथे होते.

"म्हणते, लसीनं दम जाते," प्रकाशभाऊ वैतागले होते. "त्याचं ऐकून आता ढोलवाला पण दुसरा डोस नको म्हणून राहिला. मॅडम, मी उमरेडचा एक मास्तर पाहून ठेवला. दिल चाहत नाई, पण नियम सगळ्यायले सारखा पायजे ना?"

"आधी माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला त्यांचं मन वळवण्यापेक्षा त्यांची फुफ्फुसं पाहण्याची उत्सुकता होती. ज्यानं तीस-एक वर्षं वरातीत चालत ट्रम्पेट फुंकला, त्याचा दम किती असेल? माझ्याकडे पीक फ्लो मीटर आहे. प्लॅस्टिकची नळी, तिच्यात जोरानं फुंकायचं, की काटा सरकतो. दम्याच्या पेशंटसाठी वापरतो. मी ठरवलं, आज मोजू, लस घेतल्यावर पुन्हा मोजू. दम जातो की नाही, ते त्यांच्याच डोळ्यांना दिसेल.

गुलाबराव आले. खुर्चीत बसले. मी नळी पुढे केली.

"हे काय?"

"यात फुंका. लसीच्या आधीचा आणि नंतरचा दम मोजू. कमी झाला तर मी स्वतः प्रकाशभाऊंना सांगीन, तुमचं खरं होतं म्हणून."

त्यांनी नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. "मशीनीत काय फुकायचं, मॅडम? आपण वाजवणारे मानसं."

"मग वाजवून दाखवा. उद्या मीच तालमीला येते."

"पाहू," ते म्हणाले आणि उठून गेले.

मला हे चमत्कारिक वाटलं. लसीला भिणारे मी पुष्कळ पाहिले होते. सुई टोचून घ्यायला नकार समजतो. पण फुंकायला नकार, आणि तोही ट्रम्पेटवाल्याचा?

संध्याकाळी मी प्रकाशभाऊंना फोन करून विचारलं, "मास्तरांना वाजवताना तुम्ही शेवटचं कधी ऐकलं?"

"रोजच तं येते तालमीले."

"येतात, पण वाजवतात का?"

"नाई, मॅडम. पोरायले शिकवते, हातानं ताल देते. म्हणे इतके दिवस घरी बसून ओठाची पकड सुटली, सीझन आला का वाजवतो." मग म्हणाले, "काहून विचारलं?"

"सहज," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी निरोप पाठवून गुलाबरावांना दुपारी बोलावलं, पेशंट नसतात तेव्हा. कंपाउंडरला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, "गुलाबराव, तुम्हाला कोरोना झाला होता ना?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दरवाजा लावता का?"

दार लागलेलंच होतं. मी तरी उठून कडी घातली.

दुसऱ्या लाटेत ते कन्हानला बहिणीकडे अडकले होते. ताप, खोकला, धाप. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, भाच्यानं कुठून तरी सिलिंडर आणला. वाचले. इकडे कोणाला कळू दिलं नाही. पार्टीत सांगितलं, बहिणीचं घर बांधणं चालू आहे.

"मंग घरी येऊन ट्रम्पेट तोंडाले लावला. लंबा सूर धराले गेलो अन् खोकलाच आला. म्हटलं, होईल बरं. नाई झालं, मॅडम. जिना चढलो तरी थांबा लागते."

"मग लस का नाकारता? तुमच्यासारख्याला तर ती आधी हवी."

"लसीचं मले काय भेव?" ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "लस नाई घेतली म्हणून काढलं तं लोकं म्हनतील, गुलाब हट्टी होता. दम गेला म्हणून काढलं तं काय म्हनतील? अन् दुसरा बँडवाला तरी कायले ठेवन मले?"

आमची पॉलिसी त्यांना आडोसा म्हणून उपयोगी पडत होती. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं. बोटाला ऑक्सिमीटर लावून ठराविक वेळ चालायचं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते पाहायचं, अशी ती टेस्ट. बसल्या जागी आकडा चांगला होता. चालल्यावर उतरला. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्कॅनमध्ये कोरोनाचे व्रण दिसले. औषधं सुरू झाली, श्वासाचे व्यायाम सुरू झाले. लस त्यांनी छातीच्या डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात घेतली. हात दुखला, एवढंच.

प्रकाशभाऊ रोज विचारायचे, "काय निघालं?" पेशंटची गोष्ट मी मालकाला सांगू शकत नाही. मी म्हणायचे, "त्यांनाच विचारा." आणि गुलाबरावांना म्हणायचे, "सांगून टाका."

शेवटी त्यांनी सांगितलं, माझ्यासमोरच. प्रकाशभाऊ आधी तापले. "मले काहून नाई सांगितलं गा? लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून वराती पाहिल्या मी!"

"तू नियम लावला ना? मले वाटलं, त्याच्यातच निपटून जाईन."

प्रकाशभाऊ खाली बसले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "मॅडम, त्या कागदात अजून एक ओळ बसते का?"

बसली. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर सांगेपर्यंत हलकं काम, पार्टीतली जागा कायम. उमरेडच्या मास्तरांना एका सीझनपुरतं बोलावलं. गुलाबराव त्यांच्या पुढे चालून नुसता हातानं ताल द्यायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते छोटी गाणी वाजवू लागले. जुना लांब सूर मात्र परत आला नाही. वरात लॉनच्या गेटशी आली आणि तो सूर धरायची वेळ झाली की आजही ते ट्रम्पेट दुसऱ्याकडे देतात आणि बाजूला उभे राहतात.

त्यानंतर एका टेलरिंगवाल्यानं आणि एका जिमवाल्यानं माझ्याकडून पॉलिसी लिहून नेली. दोघांच्याही कागदात मी सांगून एक ओळ घातली : जो नाही म्हणेल त्याला कारण विचारावं, एकट्यात विचारावं, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नये. जिमवाल्यानं भिंतीवर कागद लावला तेव्हा ती ओळ गाळलेली होती. मी विचारलं तर म्हणाला, जागा पुरली नाही.