सायलीच्या पायावरचा बाण

भूत, करणी, बाहेरची बाधा... असलं काही मी मानत नाही. आमच्या लोधिवलीत कुणी असलं सांगायला लागलं की मी चेष्टा करून त्याला पळवून लावायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

माझी मुलगी सायली, चौदा वर्षांची, कबड्डी खेळणारी. डावा खुबा इतका दुखायचा की चौकच्या स्टँडपर्यंत चालवेना. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून ऑपरेशन करू, दोन-तीन छोटी छिद्रं, बस्स. त्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या डाव्या मांडीवर मार्करने बाण काढला — चुकून दुसरा पाय नको म्हणून.

मी फॉर्मवर सह्या करून आलो तर बाण गायब!

"अवो, तेल लावून पुसून काढला," बायको म्हणाली. "ऑपरेशनला पोरगी स्वच्छ नको का जायला?"

सिस्टर ओरडेल म्हणून मी खिशातला मार्कर काढला. खालापूरला गोडाऊनमध्ये दिवसभर खोक्यांवर बाणच काढतो मी. तिथे डावं-उजवं खोक्यासमोर उभं राहून ठरतं. सायली इंजेक्शनने गुंगीत होती. मी तिच्या पायांशी उभा राहिलो आणि काढला बाण... माझ्या डाव्या हाताला. म्हणजे तिच्या उजव्या पायावर!

हे डोक्यात आलं तेव्हा थिएटरचं दार लागून वीस मिनिटं झाली होती. दार बडवलं, ओरडलो.

सिस्टर आली ती चिडूनच. "हळद लावू नका म्हणून सांगितलं होतं ना? मघाशी मी स्वतः दोन्ही पाय पुसून तिला आत घेतलं, तेव्हा उजव्या पायावरच्या बाणाशिवाय काही नव्हतं. आता डाव्या खुब्यावर हळदीचा अख्खा पंजा... ओला! तो बघून सर थांबले, एक्स-रे पुन्हा बघितले. नाहीतर उजव्या..."

बायको रडायलाच लागली. "मी फकस्त तेल लावलं वो. देवाशपथ! हळद आणलीच नाय आपण."

ऑपरेशन डाव्याच पायाचं झालं, नीट झालं. सायली आता पुन्हा मैदानावर उतरलीय. तो हात कुणाचा, बंद थिएटरात हळद आली कुठून?

माझ्या हातून काय होणार होतं, हे सायलीला सांगायची अजून हिंमत होत नाही. इथे लिहितोय, कारण ती हे वाचत नाही.