बाबांचा सूर आणि आईचा कर्फ्यू

पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला बाबांची सोनोग्राफी केली. खडे नव्हतेच, पोटातली मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुगलेली निघाली. फुटली तर माणूस हातचा जातो, एवढंच आईने ऐकलं आणि राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कर्फ्यू लागला. बाबांनी बादली उचलायची नाही, जोरात शिंकायचं नाही, हसायचं तेही बेतानं. मीही तिच्याच बाजूची.

गणपतीत खरी पंचाईत झाली. आमच्या सोसायटीतली मराठी मंडळी आरतीच्या एका ओळीवर सूर लांबवायची चढाओढ लावतात. ज्याचा दम शेवटपर्यंत टिकेल त्याला पहिला मोदक, आणि तो वर्षानुवर्षं बाबांचा. यंदा आईने फर्मान काढलं: नुसते ओठ हलवा. बाबांनी मान डोलावली. इतका निमूटपणा त्यांच्यात मी कधी पाहिला नव्हता, मला रडूच आलं.

स्थापनेच्या आदल्या दिवशी गुरुग्रामच्या डॉक्टरांकडे फेरतपासणी होती. त्यांनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावला. फुगवटा वाढला नव्हता. फुटण्याचा अंदाज बांधताना ते रुंदी बघतात, वाढीचा वेग, रक्तदाब, सिगारेट बघतात. तूर्त धोका खूप कमी, म्हणाले. कमी म्हणजे नाहीच ना, असं आईने दोनदा विचारलं. तसं कुणीच सांगू शकत नाही, हे उत्तर ऐकून बाबा खूश झाले. अख्खी नोकरी हवामान खात्यात अंदाज वर्तवण्यात गेलेली. छातीठोक बोलणाऱ्यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

गाण्याचं मी विचारलं. डॉक्टरांना नीट कळेना, तेव्हा बाबांनी केबिनमध्येच सूर लावून दाखवला. नर्स धावत आली. डॉक्टर हसत म्हणाले, "गाइए अंकल, बस वजन मत उठाइए।"

दुसऱ्या दिवशी ती ओळ आली. बाबांनी सूर धरला. एकेक जण गळाला, शेवटी बाबा आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका उरले. बाबांच्या चेहऱ्यावर अजून भरपूर दम दिसत होता. तरी त्यांनी आईकडे पाहिलं आणि मध्येच सूर सोडला. मोदक काकांना गेला.

घरी आल्यावर आईने घाबरून विचारलं, काही दुखलं का.

"नाही गं. तू श्वासच घेत नव्हतीस."

आई आधी लाजली, मग पोट धरून हसली. बाबाही हसले, अगदी खदखदून, आणि तिने त्यांना अडवलं नाही.

"उद्या घेईन," ती म्हणाली. "तुम्ही पूर्ण म्हणा."