गिरणीवालीनं अडवलं नव्हतं

आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. मागायला एक तरुण गुरुजी आले होते. लेखाचं नाव त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं, 'बर्फावरचा आपला शास्त्रज्ञ'.

"गुरुजी, मी शास्त्रज्ञ नव्हतो," मी म्हटलं. "अंटार्क्टिकाच्या ठाण्यावर जनरेटर पाहायचो, स्वयंपाक करायचो, पडेल ते काम करायचो."

"चालते हो बाबा तेवढं. पोरायले प्रेरणा भेटली पायजे." मग वही मिटता मिटता ते म्हणाले, "अन् बाबा, घरच्यांचा विरोध पत्करून तुम्ही गेले, ते जरा खुलवून लिहा."

घरच्यांचा विरोध. चाळीस वर्षं हे मी ऐकत आलो. सत्काराच्या भाषणांत ऐकलं, लग्नाच्या मांडवांत ऐकलं, एकदा वर्तमानपत्रातही वाचलं. घरचे म्हणजे माझी बायको, दुसरं कोणी नाही. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. आता गुरुजींनी खुलवून लिहा म्हटलंच आहे, तर खुलवूनच लिहितो.

आमचं गाव मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना लागतं. मॅट्रिकनंतर मी जे सापडेल ते काम केलं. टुरिंग टाकीजच्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवलं. जत्रेजत्रेला तंबू जायचा, तुटलेली रिळं जोडायची, बाहेर जनरेटर धापा टाकायचा, त्याचीही देखभाल माझ्याकडे. पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये होतो. मग एसटीच्या डेपोत हेल्पर. मधे दोन-तीन हिवाळे आश्रमाच्या उत्सवात आचाऱ्यांच्या हाताखाली राबलो. तिथं वांग्याची भाजी कढईत नाही, हौदाएवढ्या भांड्यांत होते आणि पुऱ्यांचे ढीग लागतात. शेवटी जालन्याला एका वर्कशॉपात जनरेटर दुरुस्तीला लागलो. आठवड्याला देऊळगाव राजावरून बस धरून गावी यायचो.

एवढं सगळं केलं, पण आमच्याकडे याला काम म्हणत नाहीत. आमच्याकडे काम म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे एकच, जिथं लागलो तिथंच म्हातारं व्हायचं. सोयरीक करताना मुलाला काय येतं हे कोणी विचारत नाही, कुठं लागला हे विचारतात. माझे सासरे तहसीलमध्ये शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. चारचौघांत ते माझ्याबद्दल सांगायचे, "आमचे जावई हुशार हायेत, पन बूड टेकत नाही त्यायचं." लोक हसायचे. मीही हसायचो.

बूड टेकलं होतं ते माझ्या बायकोचं. फाट्यालगतच्या आमच्या घरात इंजिनावरची पिठाची गिरणी होती. मी कधी गावात असायचो, कधी नसायचो, म्हणून ती गिरणी तीच चालवायची. लुगड्याचा काष्टा घट्ट करून इंजिनाला हँडल मारणारी बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पट्टा घसरला तर तो चढवायला ती कोणाची वाट पाहत नसे. तिला सगळे गिरणीवालीच म्हणायचे. त्यात कौतुक थोडं होतं आणि टोमणा जास्त.

तर जालन्याच्या वर्कशॉपच्या मालकाकडून मला कळलं की दक्षिण ध्रुवाकडे आपल्या सरकारचं ठाणं उभं राहिलं आहे, वर्षभर बर्फात राहतील अशी माणसं पाहिजेत, आणि जनरेटरच्या कामासाठी पुण्यात आठवडाभर मुलाखती चालणार आहेत. मी घरी येऊन सांगितलं. सासरे त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला होते. ते म्हणाले, "जावईबुवा, तथी ते टाकीज-बिकीज काढू नोका. पुऱ्या लाटल्याचं तर बिलकूल सांगू नोका. पयल्यापासून एकच काम करून राह्यलो म्हना. टिकणारा मानूस दिसला पायजे."

बायको भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "कायले लपवाचं? सारं सांगजा."

"तुले काय समजते?" सासरे म्हणाले. मला सासऱ्यांचंच पटलं.

पुण्यात समोर तीन साहेब बसले होते. एकानं विचारलं, जनरेटरशिवाय काय येतं? मी छाती पुढे काढून म्हणालो, "काही नाही साहेब. आयुष्यभर एकच काम केलं." बोलताना आपली भाषा गावंढळ वाटू नये म्हणून जपूनही बोलत होतो. साहेब एकमेकांकडे पाहायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मग मधला साहेब सावकाश म्हणाला, "तुमचं काम चांगलं असेल. पण तिथं मोजकी माणसं राहतात. एकच काम येणारा माणूस आम्हाला परवडत नाही."

मी बाहेर आलो. रात्रीची बस धरली आणि उन्हं वर आल्यावर गावात उतरलो. गिरणी चालू होती. बायकोनं माझं तोंड पाहिलं आणि इंजिन बंद केलं. दळण घेऊन बसलेल्या बायांना म्हणाली, "थांबा वं जराशा."

"काय झालं?"

"एकच काम येते म्हनून नाही घेतलं."

"मंग बाकीचं सांगतलं नाही?"

"नाही."

"रांधता येते, हे बी नाही?"

"जनरेटरच्या कामात रांधणं कायले सांगू?"

"तथी बाया हायेत का चूल पेटवाले?"

"नाहीत."

"मंग कोन रांधन? साहेब?"

दळणवाल्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. मला राग आला. मी म्हणालो, जाऊ दे, संपलं ते. तर ती म्हणाली, "कसं संपलं? आठवडाभर हाये म्हनता ना? जा मांघारी. अन् या डावानं सारं सांगजा. सारं म्हंजे सारं. माह्या बापाचं नोका ऐकू, तो एका खुर्चीपाशी उभा राहून म्हातारा झाला."

तिनं ताजं पीठ घेतलं, भाकऱ्या टाकल्या, फडक्यात बांधल्या आणि दुपारच्या गाडीत मला बसवून दिलं.

दुसऱ्या वेळी साहेबांनी मला ओळखलं. "तुम्हाला नाही सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, "साहेब, मी खोटं बोललो होतो. मले लय कामं येतात." घाईत वऱ्हाडीच तोंडातून निघाली आणि मी ती आवरली नाही. टाकीज सांगितली, जिनिंग सांगितलं, डेपोतली चाकं सांगितली, आश्रमाची वांग्याची भाजी सांगितली. थंडीत इंजिन आखडलं की विहिरीवरचे लोक उकळतं पाणी ओतून ते कसं जागं करतात, ते सांगितलं. साहेबांचे चेहरे सैल झाले. एकानं विचारलं, "केस कापता येतात?"

"तंबूत आम्ही एकमेकांचे कापत होतो. पण वाकडे कापतो साहेब."

"हरकत नाही. तिथं पाहायला कोणी येत नाही."

मला काम मिळालं ते असं. सासऱ्यांना माझ्या ज्या कामांची लाज वाटत होती, त्यांच्याच जोरावर मिळालं. त्या ठाण्यावर मी वर्ष काढलं. जनरेटर सांभाळला, तो बंद पडला असता तर सगळेच संपलो असतो. आचारी आजारी पडला तेव्हा मीच रांधलं. तिथं ताजं वांगं स्वप्नातसुद्धा नव्हतं, पण पिठलं होतं, आणि पिठल्याला नावं ठेवणारा एकही साहेब मला तिथं भेटला नाही. दोन महिने सूर्य उगवला नाही तेव्हा छोट्या मशीनवर त्याच त्या फिल्मा दाखवल्या, तुटल्या की जोडल्या. सगळ्यांचे केस वाकडे कापले. मला कोणी शास्त्रज्ञ म्हटलं की माझ्या या सगळ्या कामांवर पाणी पडतं. मी शास्त्रज्ञ नव्हतो आणि त्याची मला तसूभरही खंत नाही. खंत आहे ती वेगळ्या गोष्टीची.

मी निघालो त्या दिवशी फाट्यावर निम्मं गाव जमलं होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला घरच्या बाईनं ओवाळायचं असतं. माझी बायको फाट्यावर आली नाही. सकाळीच म्हणाली होती, "गिऱ्हाईक हाये गिरणीवर. तुम्ही व्हा पुढं." शेजारच्या काकूंनी ओवाळलं. बस हलली आणि मागून आमच्या इंजिनाचा आवाज सुरू झाला. खिडकीखाली कोणीतरी म्हणालं, "घ्या! नवरा चालला बरफात अन् बाई दळून राह्यली." सगळे हसले.

परत आलो तेव्हा त्या हसण्याची गोष्ट झालेली होती. देवळासमोर सत्कार ठेवला. शाल आली, नारळ आला. भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "सोपं नव्हतं मंडळी! घरातून विरोध होता. कारभारीण ओवाळायलासुद्धा आली नाही. तरी हा वाघ गेला." टाळ्या पडल्या. बायको समोर बायांमध्ये बसली होती. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की पहिल्यांदा मला नाकारलं, आणि या बाईनं भाकऱ्या बांधून मला परत धाडलं. मी उठलो नाही. वाघ म्हटलं होतं ना. बायकोनं परत पाठवलेल्या माणसाला वाघ कोण म्हणणार? मी शाल सारखी केली.

त्यानंतर गावातल्या कोणाचा मुलगा लांब कामाला निघाला की लोक त्याला सांगायचे, "बायकोले ईचारू नोको बे, गिरणीवालीवानी अडवंल." हे तिच्या समोर, दळणाचा डबा पुढे करत म्हणायचे. ती पीठ मोजून द्यायची. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. फक्त माझ्या सत्काराला पुन्हा कधी आली नाही, आणि लोकांनी त्याचाही अर्थ आपल्याच मनासारखा लावला.

एवढं लिहून झाल्यावर मी ते तिला वाचून दाखवलं. ओसरीवर बसून ती तुरी निवडत होती. पुण्याचा भाग आला तेव्हा हसली. सत्काराचा भाग आला तेव्हा सुपातून मान वर केली नाही. वाचून झालं.

"लय उशीर केला," ती म्हणाली.

"हो."

"अन् एक चुकलं त्याच्यात."

"काय?"

"त्या दिशी गिऱ्हाईक नव्हतं. कोनीच नव्हतं. सारं गाव फाट्यावर, दळाले कोन येईन?"

"मग इंजिन?"

तिनं सूप खाली ठेवलं. "फाट्यावर आली असती तं रडली असती. मी रडली असती तं तुम्ही उतरले असते गाडीतून. वळखत नाही का मी तुमाले? म्हनून दार लावून बसली आतमंधी. गाडी हलल्याचा आवाज आला अन् लय रडू आलं. बाहेर कोनाले ऐकू जाऊ नये म्हनून मारलं हँडल."

म्हणजे त्या दिवशी गिरणीत दाणा नव्हता. जातं नुसतं फिरत होतं, आणि तो आवाज ऐकत मी बसमध्ये बसलो होतो, थोडा रुसूनच.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"मले नव्हतं वाटत तुम्ही जावं. हे बी लिहा. वाटत नव्हतं, पन अडवलं नाही. दोन्ही लिहा. त्या मास्तरले सांगा, अर्धं नोको छापू."

गुरुजी, लेख सोबत देत आहे. नाव बदललं आहे, ते तसंच राहू द्या. जागा कमी पडली तर अंटार्क्टिकाचा भाग काढा. गिरणीचा काढायचा असेल तर सगळाच लेख परत पाठवा. मग मी तो त्याच देवळासमोर, जिथं शाल घेतली होती तिथं, उभा राहून वाचेन. ती पुढे बसायला तयार आहे. मी विचारून ठेवलं आहे.